चाळीस हंडे, एक चुंबळ

१

फौजदारांनी केलेली यादी इंदुबाईंनी चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचली.

'जप्त हत्यारे : हंडे, नग चाळीस. पैकी एकात अंदाजे बोटभर पाणी. दगड, नग एक. कापडी चुंबळ, नग एक.'

शहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हत्यारं म्हणून पुष्कळ काही पाहिलं होतं. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेली बाई. गेटवरच्या सळया पाहिल्या, लाठ्या पाहिल्या. महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या हातातही एक होतं. पण तेव्हाच्या पोलिसांनीसुद्धा लाटण्याला लाटणंच म्हटलं होतं.

"हंडा कधीपासून हत्यार झाला, साहेब?"

"आजी, तुम्ही यात पडू नका." फौजदार संदीप तिशीतला, गोरागोमटा, चेहऱ्यावर नुकतीच परीक्षा पास झाल्याचा भाव. "चाळीस बायका, चाळीस हंडे. वरची काच फुटली. कलमं वाचून दाखवू का?"

"दाखवा. पण आधी हे बघा." इंदुबाईंनी पिशवीतून अर्जाची प्रत काढली. "परवानगीच्या अर्जावर पहिली सही पुतळीची आहे, दुसरी माझी. तिला धरायचं तर मलाही धरा. नाहीतर खुर्ची द्या. शिवमंदिरापासून बदलापूरपर्यंत रिक्षात चौघांत चेंगरून आलेय मी."

खुर्ची मिळाली. एक पाय लंगडा होता. पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयातल्या सगळ्याच गोष्टी अशा, दिसायला उभ्या आणि टेकलं की डुगडुगणाऱ्या.

प्रकरण साधं होतं. बारवी धरणाच्या काठच्या टेंभाच्या वाडीत 'नळयोजना पूर्ण' असा निळा फलक लागून दोन वर्षं झाली होती. नळही होते. त्यातून अजून वाराही आला नव्हता. धरणाचं पाणी तीन शहरं पीत होती आणि धरणाखाली ज्यांची शेतं गेली त्यांच्या बायका डबक्यावर जात होत्या. म्हणून आज अकरा ते दोन, कार्यालयाच्या आवारात, शांततेनं धरणं. अर्ज इंदुबाईंनीच लिहिला. अटी आठ आल्या. वाडीत जाऊन त्यांनी एकेक अट मोठ्यानं वाचून दाखवली, "वाट अडवायची नाही, भोंगा लावायचा नाही, पन्नासांवर माणूस नको, दोनला उठायचं. एवढं पाळलंत तर तुमच्या केसाला कुणी धक्का लावणार नाही."

हे त्यांचे शब्द. आणि दोनला वीस मिनिटं असताना वरच्या मजल्यावरची साहेबांच्या केबिनची काच खळ्ळकन फुटली. कुलूपबंद केबिनमध्ये, गालिच्यावर, डोक्यावर हंड्याखाली घेतात तसल्या चुंबळीत गुंडाळलेला दगड सापडला.

संदीपनं एक छापील कागद पुढे सरकवला. "हमीपत्र. वर्षभर कुठल्याही आंदोलनात भाग घेणार नाही, असं पुतळीनं लिहून द्यावं. दिलं तर सोडतो. नाही दिलं तर पाचला गुन्हा दाखल. मग अंगणवाडीतली मदतनिशीची नोकरी गेली, असं समजा."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

२

पुतळी जिन्याखाली बसली होती. चाळिशीची, काटक. शेजारी तिची आई विठा. सत्तरी उलटलेली, तरी शिवमंदिराजवळ रानभाजी घेऊन बसणारी. इंदुबाईंनी विठाकडून शेवळं आणि कुर्डू घेतले त्याला चाळीस वर्षं झाली होती. दोघींचे नवरे गेले तेव्हा दोघी एकमेकींकडे येऊन बसल्या होत्या.

"सही करू का, इंदूमावशी?" पुतळीनं विचारलं. आवाजात रडणं नव्हतं, थकवा होता. "पोरीची फी त्या नोकरीवर हाये."

"दगड कुणी मारला?"

"आमच्यातली नाय. मी तवा खाली खिडकीवर निवेदन देत व्हते. बाईनं शिक्का मारला आन् वर काच फुटली."

"हंडे कुठं होते?"

"भिंतीला. गाड्यांची वाट अडवायची नाय, तुमीच सांगितलेलं. हंडे भिंतीला लावले, आमी समोर लिंबाखाली."

"पालथे घातले होते?"

विठा एकदम उसळली. "पालथा कशाला? घरात मानूस मेलं तरच हंडा पालथा घालत्यात आमच्यात. आन् रिता हंडा डोईवर बी घेत नाय. कडेवर आनले, उताणे ठेवले. तोंड वर."

"मग एकात पाणी कसं?"

विठा ओशाळली. पदर तोंडाला लावून हसली. "त्यो माजा. वर मशीन हाये ना गार वाऱ्याची, तिची नळी टपटपत व्हती. मंग मी हंडा सरकवला तिच्याखाली. म्हटलं, दोन वर्सांत या हापिसानं काय दिलं नाय, येवढं तरी घेऊन जाऊ."

"सकाळपासून टपटपत होती?"

"नाय. आदी गळत व्हती, मंग बाराला कोरडी झाली. एकच्या सुमारास पुन्यांदा एकाएकी चालू झाली, तवाच हंडा सरकवला. मी तिच्याकडंच बगत व्हते, दुसरं काय काम व्हतं?"

इंदुबाई उठल्या. बाहेर भिंतीशी चाळीस हंडे तसेच रांगेत होते. न्यायला गाडी आली नव्हती म्हणून हवालदारानं प्रत्येकाच्या तोंडाला वर्तमानपत्र बांधून, सुतळी गुंडाळून वर लाखेचे ठिपके दिले होते. गौरीच्या मुखवट्यांना कोणी एवढं जपत नाही.

"आत बघितलंत का?" त्यांनी हवालदाराला विचारलं.

"हंड्यात काय बघायचं, आजी? तो एक जड लागला, पाणी बुटावर सांडलं, म्हणून साहेबांनी लिहिलं."

इंदुबाईंनी मान वर केली. रांगेच्या बरोबर वर, फुटक्या खिडकीची रिकामी चौकट 'आ' वासून उभी होती.

३

"मावशी, नमस्कार! अन्यायाच्या विरोधात आम्ही तुमच्यासोबत आहोत."

राजेंद्रभाऊंना बदलापुरात ओळख सांगावी लागत नसे; चौकाचौकात त्यांचा वाढदिवस बारा महिने लटकत असे. धरण्याच्या आदल्या दिवशी ते वाडीवर झेंडे घेऊन गेले होते. पुतळीनं सांगितलं, झेंडा नको, पाणी हवंय. भाऊंना हा फरक कळला नव्हता.

इंदुबाईंना जुने पुढारी आठवले. तेही काही संत नव्हते. पण बायकांबरोबर उन्हात बसत, शिळी भाकरी खात, पोलिसांच्या गाडीत पहिले चढत. ह्यांच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"पुतळीनं तुम्हाला हाकललं, म्हणून राग असेल."

"हाकललं वगैरे नाही हो. मीच मोठ्या मनानं बाजूला झालो."

"आणि एक चाळीसला कुठं होतात?"

"गेटवर. मीडियाला बाइट देत होतो." मीडिया म्हणजे त्यांचाच मोबाइल धरलेला त्यांचाच कार्यकर्ता. भाऊंनी उत्साहानं व्हिडिओ लावला. "आमचा मार्ग शांततेचा आहे..." असं ते म्हणत होते आणि मागून 'खळ्ळ' असा आवाज आला. भाऊ दचकून दोन पावलं मागे सरले आणि थेट कार्यकर्त्याच्या मागे लपले.

"हे कापायचं राहिलंय," भाऊ म्हणाले.

"कापू नका. पुन्हा लावा."

चित्रात मागे लिंब दिसत होता. त्याखाली बायका मांडी घालून बसलेल्या, कुणाचा हात वर नाही. आणि बायकांच्या मधोमध कार्यालयाचा शिपाई आण्णा, हातात स्वतःची पाण्याची बाटली, एका म्हातारीच्या ओंजळीत पाणी ओतताना.

म्हणजे भाऊ नाही. बायका नाहीत. आण्णाही नाही. मग उरलं कोण?

४

वरच्या केबिनमध्ये एक माणूस खिडकीचं माप घेत होता. प्रेम, उल्हासनगर कॅम्प चारचा काचवाला.

"एवढ्या लवकर?" इंदुबाईंनी विचारलं.

"अरे अम्मा, सरचा फोन आला ना अडीचला. अर्जंट बोला, आजच्या आज नवी काच पाहिजे, कचरा पण उचलून ने." प्रेम मराठी, हिंदी आणि सिंधी एकाच पातेल्यात शिजवून वाढत असे. "पण एक बात समझ में नहीं आती, साईं. चार बाय तीनची काच. पूरी टूटी. तो कचरा गोणीभर पाहिजे ना? हे बघा, एक सूपभर पण नाही. आधी कोणी झाडून नेली काय?"

"कोणी नाही नेली," दारातला हवालदार म्हणाला.

"तो गई कहाँ? वितळली?"

इंदुबाई खोली पाहत होत्या. मानचिन्हं ओळीनं मांडलेली. बक्षीस देणाऱ्यांना लाज नसली की घेणाऱ्याच्या भिंती भरतात. मधल्या फळीवर शोभेचा तांब्याचा हंडा, त्याच्यावर 'जलमित्र' अशी अक्षरं कोरलेली. हंडा गोल बुडाचा. आडवा होऊ नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी दोन जाड फायलींचा टेकू दिला होता.

"हात लावू नका त्याला!"

सुजित सर दारात उभे होते. हल्ली साहेब म्हणत नाहीत, सर म्हणतात. शिकवत मात्र कुणालाच काही नाहीत. पन्नाशीचे, केस काळे केलेले, घामाघूम.

"किती छान हंडा," इंदुबाई भाबडेपणानं म्हणाल्या. "तुम्ही कुठं होता हो काच फुटली तेव्हा?"

"बारवीच्या साइटवर. बाराला निघालो, दोनला आलो. केबिनला कुलूप होतं. नशीब माझं, नाहीतर तो दगड माझ्या डोक्यात बसला असता!" त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "लोकशाहीत प्रत्येकाला आंदोलनाचा हक्क आहे, मी मानतो. पण हक्काला मर्यादा असतात."

"असतात ना. आठ होत्या. मी पाठ केल्यात." त्या दाराकडे वळल्या. "जिल्ह्याहून तुमच्या वरच्या अधिकारी संजीवनी मॅडम येणार होत्या ना अडीचला, धरणं उठल्यावर बायकांना भेटायला?"

"अशा परिस्थितीत कशा येतील? मीच फोन करून परत पाठवलं. त्यांच्या सुरक्षेसाठी."

दोन वर्षांचा कोरडा नळ आणि त्यावरचा 'पूर्ण' असा फलक मॅडमच्या नजरेस पडायचा राहिला होता.

साडेचार वाजले होते. खाली संदीपनं हमीपत्रावर पेन ठेवलं होतं आणि पुतळीनं ते उचललं होतं.

५

"थांब," इंदुबाई जिन्यावरूनच म्हणाल्या. "पाच वाजले नाहीत अजून."

आवक खिडकीवरची तेजल पंचविशीची होती आणि नखं खात होती.

"पोरी, पुतळीचं निवेदन घेतलंस ना?"

"नाही... म्हणजे, सर म्हणाले नोंदवू नको."

"केव्हा म्हणाले?"

"दोननंतर. पण तोवर मी पोच दिली होती." तेजलनं घाबरून जिन्याकडे पाहिलं. "काकू, माझी नोकरी..."

"तुझी नोकरी, तिची नोकरी. सगळ्यांच्या नोकऱ्या त्याच एका माणसाच्या खिशात आहेत का गं?"

पुतळीनं कमरेची पिशवी उघडली. पोच निघाली. शिक्का, सही आणि तेजलच्या नीटस अक्षरात वेळ : १.४०.

म्हणजे काच फुटली तेव्हा तेजल खिडकीवरच होती; तीही संशयातून सुटली. इंदुबाई आण्णाकडे वळल्या. आण्णा निवृत्तीला आलेला, खाली मान घालून बोलणारा.

"आण्णा, वरच्या केबिनच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला, एक सरांकडं. बाराला सर गेले तेव्हा मीच कुलूप लावलं."

"आणि एसी?"

"बंद केला. म्हणजे त्यांनीच केला. रिमोट ते खिशात घालून नेतात, बाई. गावाला गेले तरी नेतात. मागं आम्ही दोन मिनिटं चालू केला तर मेमो दिला."

"दुसरा जिना आहे ना मागनं?"

आण्णानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं, आणि तो कसनुसा झाला.

इंदुबाईंना तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं कारखान्याचं गेट दिसलं. तीन महिने चाललेला संप. एका दुपारी कुठूनसा एक दगड मॅनेजरच्या गाडीवर पडला आणि संध्याकाळपर्यंत संप मेला. कुणी मारला, ते कधी कळलं नाही. त्या दगडासाठी सगळ्यांनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं. दगड आतूनही येऊ शकतो, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"फौजदारसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमची हत्यारं उघडा."

६

आवारात सगळे जमले. सुजित सर घड्याळ पाहत होते.

"आधी ती चुंबळ द्या," इंदुबाई म्हणाल्या. लाल खणाची, जरीच्या काठाची. त्यांनी ती नाकाशी नेली आणि विठाकडे दिली. "तुझी?"

विठानं हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "हिला ना त्याल, ना घाम. कंदी डोई बघितली नाय हिनं. आमची चुंबळ जुन्या लुगड्याची, पाण्यानं चप्पट झालेली. आन् आज आनलीच कुनी व्हती? रिता हंडा डोईवर घेत नाय, मंग चुंबळ कशाला?"

"ऐकलंत? पाणी आणायला जाताना बाई चुंबळ नेते, कारण येताना हंडा भरलेला असतो. आज हंडे रिते येणार आणि रितेच जाणार होते. चाळीस बायकांत एकही चुंबळ नव्हती. हंडा म्हटलं की चुंबळ आलीच, असं त्यालाच वाटतं ज्यानं हंडा फक्त मानचिन्हात पाहिला."

सुजित सर हसले. "हा काय पुरावा आहे? बायका काहीही सांगतील."

"म्हणून तर बायकांचं सोडून तुमचंच सील उघडायला सांगते. भिंतीजवळचा कुठलाही हंडा घ्या, साहेब. तुम्हीच निवडा."

संदीपनं लाख फोडली, सुतळी सोडली, हंडा उचलून हलवला.

आत छमछम वाजलं.

वर्तमानपत्रावर ओतलं तर काचेचे तुकडे, मूठभर. दुसऱ्या हंड्यात तेवढेच. तिसऱ्यात बोटाएवढी एक लांब चीर. खिडकीखालच्या, एकमेकांना खेटलेल्या आठ हंड्यांत काच होती; म्हणूनच जमिनीवर तुकडा दिसला नव्हता. प्रेम वरच्या चौकटीतून वाकून पाहत होता. तो ओरडला, "अरे! ही बघा माझी बाकी काच!"

"बाहेरून दगड आला तर काच आत पडते," इंदुबाई म्हणाल्या. "ही बाहेर पडली. काच आतून फोडली, तीही कुलूपबंद खोलीतून. किल्ल्या दोन. एक आण्णाच्या कमरेला, आणि आण्णा त्या वेळी लिंबाखाली पाणी पाजत होता. भाऊंच्या व्हिडिओत आहे. भाऊंनी आयुष्यात केलेलं एवढंच समाजकार्य, तेही चुकून."

राजेंद्रभाऊंनी हे कौतुक समजून हात जोडले.

"मी साइटवर होतो!" सुजित सर म्हणाले.

"हो? आता तो जड हंडा उघडा."

विठाचा हंडा. बोटभर पाणी आणि तळाशी चमकणारी काच.

"हे पाणी तुमच्या एसीचं, सर. तुम्ही गेलात तेव्हा नळी कोरडी झाली. मग पुन्हा टपकायला लागली. फौजदारसाहेबांची यादीच सांगते, बोटभर. एसी सुरू झाल्याशिवाय पाणी नाही, रिमोटशिवाय एसी नाही, आणि रिमोट..." त्यांनी सरांच्या खिशाकडे नुसतं पाहिलं. खिसा फुगलेला होता. "पुढच्या दारानं साइटवर गेलात, मागच्या जिन्यानं आलात. चोरून आलात तरी उकडत होतं तुम्हाला. चाळीस बायका उन्हात बसल्या होत्या, आणि तुम्हाला पाऊण तासही गार वाऱ्याविना निघेना."

सर काही बोलायला गेले, पण संदीपनं हात वर केला. तो चुंबळ घेऊन वर गेला. सगळे मागोमाग. शोभेच्या हंड्याच्या फायली त्यानं काढल्या, हंडा उचलला. फळीवरच्या धुळीत एक स्वच्छ गोल उमटलेला होता. त्यानं चुंबळ त्यावर ठेवली. बरोबर बसली. वर हंडा ठेवला.

हंडा हललासुद्धा नाही.

"मॅडम आल्या असत्या तर..." सुजित सरांच्या तोंडून निघालं, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. त्यांनी खिशात हात घालून रिमोट काढला आणि टेबलावर ठेवला, जणू तेवढ्यानं भागणार होतं.

७

पाचला पाच मिनिटं कमी असताना संदीपनं हमीपत्र फाडलं. "आजी, मी आत बघायला हवं होतं."

"हवं होतं. जुने फौजदार शिव्या द्यायचे, पण आधी वाकून बघायचे."

तो लालबुंद झाला. मग स्वतःच संजीवनी मॅडमना फोन लावायला बाजूला गेला. मॅडम उद्या दहाला थेट वाडीवर येणार, असं सांगत परतला, तेव्हा बायका कडेवर घ्यायला हंडे शोधत होत्या.

"हंडे मिळणार नाहीत आज. पुरावा आहे."

"दुपारी हत्यार, संध्याकाळी पुरावा," विठा म्हणाली. "हंडा कंदी व्हनार मंग?"

"पुतळे, किती वाजता काच फुटली?" इंदुबाईंनी विचारलं.

"दोनला वीस मिनटं कमी."

"परवानगी दोनपर्यंत होती. आपली वीस मिनिटं या कार्यालयाकडे बाकी आहेत. पण ती वेळ गेली. आता बसलो तर अट मोडेल. फौजदारसाहेब, वीस मिनिटांची लेखी परवानगी मिळेल का? आठही अटी त्याच."

संदीपनं त्यांच्याकडे पाहिलं, त्या थट्टा करताहेत का ते. मग त्यानं कागद ओढला, लिहिलं, सही केली.

बायका पुन्हा लिंबाखाली बसल्या. भोंगा नाही, घोषणा नाही, हातात हंडेही नाहीत. लंगडी खुर्ची नाकारून इंदुबाई खालीच बसल्या, पुतळीला खेटून. आण्णा आणि तेजल दारात उभी होती. राजेंद्रभाऊ मोबाइल घेऊन पुढे सरसावले, तेव्हा पुतळीनं नुसता हात केला, आणि ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

बरोबर वीस मिनिटांनी पुतळी उठली. तिच्यामागे चाळीसजणी उठल्या. वाट सोडून, एकीमागे एक.

फाटकाशी विठा थांबली आणि फौजदाराला म्हणाली, "साहेब, त्या कागदावर माज्या हंड्यातलं पानी लिवलंय ना बोटभर? ते खोडू नका. दोन वर्सांत टेंभाच्या वाडीला येवढंच पोचलंय."